जुनी जाहिरातपत्रकं: आधी स्कॅन, मग लॅमिनेशन

नाटकांची, दुकानांची जुनी हँडबिलं घड्यांवर फाटायला लागली, तेव्हा ती जपायला घेतली. पहिल्याच स्कॅनमध्ये चित्रांवर जाळीदार लाटा उमटल्या. छापील चित्र बारीक ठिपक्यांचं असतं आणि ३०० डीपीआयला (दर इंचातल्या ठिपक्यांचं माप) ते ठिपके स्कॅनरच्या जाळीशी भिडतात. ६०० डीपीआय ठेवून स्कॅनरमधला ‘डीस्क्रीन’ पर्याय लावला, लाटा गेल्या. कागद पातळ असल्याने मागची अक्षरंही पुढे दिसत होती. पाठीशी काळा कार्डपेपर ठेवल्यावर तीही दबली. स्कॅनची मूळ प्रत टिफ या पूर्ण दर्जाच्या फाइलमध्ये ठेवली, पाठवायला जेपेग ही लहान फाइल.

लॅमिनेशनला मात्र घाई नको. एकदा केलं की कागद पुन्हा सुटा होत नाही. म्हणून एकुलती एक प्रत असेल तर ती पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, आणि लॅमिनेशन फक्त जादा प्रतींना किंवा स्कॅनच्या प्रिंटला. थर्मल कागदावरचं (उष्णतेने छपाई होणाऱ्या, बिलाच्या पावतीसारख्या) कूपन तर मशीनमध्ये घालूच नका, उष्णतेने काळं पडतं. कडेला ३ मिलिमीटर प्लास्टिक सोडून कापा. मी एक पत्रक कागदालगत कापलं होतं. पावसाळ्यात कोपऱ्यातून दमट हवा शिरली आणि थर सुटला. त्याचा स्कॅन होता, म्हणून ते वाचलं.