प्रकल्पाची जुनी वेबसाइट बंद करताना

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरातल्या वर्कशॉपवाल्याने स्टॉकच्या नोंदींसाठी एखादा ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेला) प्रोग्रॅम शोधला, की गूगलवर बऱ्याचदा आधी येते ती त्या प्रकल्पाची कित्येक वर्षांत हात न लागलेली साइट. मग फोन येतो: "तुमच्या साइटवर लिवलंय तसंच केलंय न्हवं, तरी एरर येतंय!" अशी साइट बंदच करावी. पण नुसता सर्व्हर बंद करून भागत नाही.

आधी पूर्ण साइटची प्रत उतरवून ठेवा आणि महत्त्वाची पानं वेबॅक मशीन या जुन्या वेबपानांच्या संग्रहातही साठवा. मग एका स्प्रेडशीटमध्ये प्रत्येक पानाचा जुना पत्ता आणि त्यापुढे त्याचं काय करायचं ते लिहा: नव्या जागी हलवायचं, दुसऱ्या पानात मिसळायचं की काढून टाकायचं. सर्व्हरचा लॉग, म्हणजे कोणती पानं मागितली गेली त्याची नोंद, पाहिला की लोक नेमकी कोणती पानं उघडतात ते कळतं. सुरुवात तिथूनच करा.

खरा वेळ जातो तो मिसळण्यात. इन्स्टॉल कसं करायचं हे साइटवर एक, विकीवर दुसरं आणि रीडमीमध्ये (कोडसोबतच्या माहितीच्या फाइलमध्ये) तिसरंच असतं. कोणतं बरोबर यावर वाद घालत बसू नका. कोऱ्या मशीनवर तिन्ही करून बघा. जे चालेल ते ठेवा. मजकूर कोडच्याच रिपॉझिटरीत (कोड साठवतात त्या जागी) ठेवलेला बरा, म्हणजे कोड बदलणाऱ्याला त्याच पुल रिक्वेस्टमध्ये (बदल सुचवण्याच्या विनंतीत) माहितीही बदलता येते. पॅनडॉक हा रूपांतराचा प्रोग्रॅम जुनी पानं मार्कडाउन या साध्या मजकुराच्या स्वरूपात आणून देतो, पण तक्ते विस्कटतात, ते हातानेच नीट करावे लागतात. मजकूर इतरांनी लिहिलेला असेल तर त्याचा परवाना बघा, त्यांची नावं गाळू नका.

आता रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्या पत्त्यावर पाठवणं. महाद्वार रोडवरचं दुकान हललं की शटरवर नव्या पत्त्याची पाटी लागते, तसंच हे. फक्त इथे प्रत्येक पानाला वेगळी पाटी हवी. कायमच्या बदलासाठी सर्व्हरचा ३०१ हा उत्तर-कोड वापरा, ३०२ तात्पुरत्यासाठी असतो. सगळी पानं सरसकट नव्या मुखपृष्ठावर ढकलणं हा आळशीपणा झाला. गूगलही अशा पानांना बहुधा 'सापडत नाही' असंच धरतं. ज्याला पर्याय नाही त्या पानाला ४१० ('कायमचं काढलं') द्या. साइट गिटहब पेजेसवर (गिटहबच्या वेबसाइट ठेवण्याच्या सेवेवर) असेल तर सर्व्हरचा ३०१ लावता येत नाही. तिथे आपोआप पुढे नेणारं छोटं एचटीएमएल पान ठेवावं लागतं. आणि रोबोट्सच्या फाइलमध्ये (robots.txt, सर्च इंजिनांनी कोणती पानं वाचू नयेत ते सांगणारी) जुनी साइट अडवू नका, नाहीतर गूगलला रीडायरेक्ट दिसणारच नाहीत.

रीडायरेक्ट निदान वर्षभर ठेवा, असं गूगल सांगतं. डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, मात्र त्यानंतरही सोडू नका. वर्षाला थोडे पैसे जातील, पण सोडलेलं डोमेन कुणीही घेऊन तुमच्याच नावाने भलतीच फाइल डाउनलोडला ठेवू शकतो. बंद केलेल्या होस्टिंगकडे बोट दाखवणाऱ्या डीएनएस नोंदीही (डोमेन कोणत्या सर्व्हरवर जातं ते सांगणाऱ्या) काढून टाका.

शेवटी बाहेरचे दुवे. डेबियन या लिनक्स प्रणालीच्या पॅकेजमध्ये प्रकल्पाच्या साइटचा पत्ता असतो, तो बदलायला पॅकेज सांभाळणाऱ्याला कळवा. पायपीआय या पायथन पॅकेजांच्या साठ्यावरचा पत्ता नवी आवृत्ती काढल्याशिवाय बदलत नाही, म्हणून हे काम पुढच्या रिलीजच्या यादीत आत्ताच टाका.