ग्लायकोसिंथेस: रात्री जुळलेल्या साखरा सकाळी सुट्या

ग्लायकोसिंथेस म्हणजे साखरा तोडण्याऐवजी जोडणारं, बदल केलेलं एन्झाइम. इथे अ‍ॅग्रोबॅक्टेरियम या जिवाणूच्या बीटा-ग्लुकोसिडेझचा ई३५८जी प्रकार (३५८व्या जागी ग्लुटामेटऐवजी ग्लायसिन), साखर देणारा दाता अल्फा-ग्लुकोसिल फ्लुओराइड, ती घेणारा ग्राहक पीएनपी-ग्लुकोसाइड (पॅरा-नायट्रोफिनॉल जोडलेलं ग्लुकोज). टीएलसीवर (रेणू वेगळे करून ठिपके दाखवणाऱ्या पट्टीवर) रात्री बीटा-१,४ जोडाचा ठिपका येतो, सकाळी नाहीसा आणि नळी पिवळी. एन्झाइम वाढवलं, पीएच बदलला, नवा दाता मागवला. फरक शून्य, नुसता वैताग.

गुन्हेगार पिवळा रंगच दाखवतो: तो जोड तुटून सुट्या झालेल्या पीएनपीचा. ई३५८जी मध्ये जोड तोडणारा ग्लुटामेटच नाही, म्हणजे मूळ एन्झाइम मिसळलंय. ते येतं दोन्ही एन्झाइम शुद्ध करायला वापरलेल्या एकाच निकेल रेझिनमधून. लेशमात्रही रात्रभरात पुरतं.

रेझिन वेगळंच ठेवा. जमत नसेल तर धातू पकडणाऱ्या १०० मिलीमोलर ईडीटीएने निकेल उतरवा, पाणी, ०.५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड अर्धा तास, भरपूर पाणी, मग १०० मिलीमोलर निकेल सल्फेट. शुद्ध केलेलं एन्झाइम २ मिलीमोलर पीएनपी-ग्लुकोसाइडमध्ये ३७ अंशांवर रात्रभर ठेवा, सोबत एन्झाइमविना नळी. सकाळी सोडियम कार्बोनेट घालून ४०५ नॅनोमीटरला दोन्ही नळ्यांचं प्रकाशशोषण सारखं आलं तरच पुढे जा.

बफर १५० मिलीमोलर फॉस्फेट, पीएच ७. प्रत्येक जोडणीला हायड्रोजन फ्लुओराइड सुटतो, पातळ बफरचा पीएच कोसळतो. दाता शेवटी, ताजा विरघळवून, प्लॅस्टिकच्या नळीत. सोलापूरच्या मे महिन्यात फक्त तापवणारा वॉटरबाथ जोडणीच्या २५ अंशांवर टिकत नाही. त्यात बर्फाच्या बाटल्या सोडा, नाहीतर दाता आपोआप फुटतो.