अमेरिकेतील आरोग्य विमा आणि आर्थिक वाढीचे श्रेय : राजकीय दावे कसे तपासावेत

अमेरिकेच्या राजकारणात गेली दीड दशके दोन वाद हातात हात घालून चालले आहेत. बराक ओबामा यांनी २३ मार्च २०१० रोजी स्वाक्षरी केलेल्या अफोर्डेबल केअर ॲक्टने, म्हणजे ओबामाकेअरने, लोकांचे भले केले की नुकसान, हा पहिला वाद. २००९ नंतर सावरलेल्या अर्थव्यवस्थेचे श्रेय ओबामांचे, ट्रम्प यांचे की बायडन यांचे, हा दुसरा. कोणाची बाजू घ्यावी हे वाचकाने स्वतः ठरवावे. समोर आलेल्या विधानाची छाननी कशी करावी, तेवढे इथे मांडले आहे. अशा जवळजवळ प्रत्येक दाव्यात एक तुलना दडलेली असते, आणि ती बोलणाऱ्याकडून वदवून घेतली की निम्मा वाद तिथेच विरतो, असे माझे मत आहे.

आधी विधान नेमके करावे

"ओबामाकेअरमुळे विमा महागला" हे वाक्य जसेच्या तसे तपासता येत नाही. कोणाचा विमा, कोणत्या वर्षी, आणि महागला म्हणजे मासिक हप्ता वाढला की डिडक्टिबल (विमा लागू होण्यापूर्वी स्वतःच्या खिशातून भरावी लागणारी रक्कम) वाढले, हे आधी विचारावे लागते. अमेरिकेत साधारण निम्म्या लोकांचा विमा नोकरीतून येतो, वृद्धांसाठी मेडिकेअर आहे, गरिबांसाठी मेडिकेड आहे, आणि स्वतः बाजारातून विमा घेणारा वर्ग तुलनेने लहान आहे. २०१० च्या कायद्यावरची सर्वांत कडवट भांडणे याच लहान वर्गावरून झाली. कारण आधीपासून आजार असलेल्यांना विमा नाकारण्यास किंवा त्यांच्याकडून जास्त हप्ता घेण्यास केलेली मनाई, विमा घेण्याची सक्ती आणि उत्पन्नानुसार मिळणारे अनुदान या तिन्ही तरतुदींचा थेट परिणाम तिथे झाला.

२०१७ साठीच्या हप्त्यांचे उदाहरण घ्यावे. केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरून विमा विकला जाणाऱ्या राज्यांमध्ये त्या वर्षी प्रमाण मानल्या जाणाऱ्या योजनेचा हप्ता सरासरी सुमारे २५ टक्क्यांनी वाढला, आणि रिपब्लिकन प्रचारात हा आकडा सतत वाजवला गेला. आकडा खरा होता. मात्र या बाजारातल्या बहुसंख्य ग्राहकांना अनुदान मिळत होते आणि हप्त्याबरोबर अनुदानही वाढत असल्याने त्यांच्या खिशाला फारशी झळ बसली नाही. डेमोक्रॅट हे सांगत असत आणि तेही खरे होते. मात्र उत्पन्न अनुदानाच्या मर्यादेपेक्षा थोडेसे अधिक असलेला छोटा व्यावसायिक ती पूर्ण वाढ स्वतः सोसत होता, आणि त्याचे नाव ते टाळत असत. मूळ हप्ता आणि अनुदान वजा जाता भरावा लागणारा हप्ता हे दोन वेगळे आकडे आहेत. वक्त्याने कोणता उचलला, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी.

लोक नावालाही फसतात. केंटकी राज्याने कायनेक्ट या नावाने स्वतःचा विमा बाजार चालवला, जो ओबामाकेअरचाच भाग होता. तरीही २०१४ च्या एका जनमत चाचणीत तिथल्या निम्म्याहून अधिक मतदारांनी ओबामाकेअरबद्दल प्रतिकूल मत दिले आणि कायनेक्टबद्दल तसे मत देणारे त्यांच्या निम्मेही नव्हते. म्हणून "लोकांना हा कायदा नको आहे" किंवा "हवा आहे" असे कोणी म्हटले, तर प्रश्न कोणत्या शब्दांत विचारला होता हे आधी शोधावे.

अंदाज आणि घडलेली गोष्ट वेगळी ठेवावी

काँग्रेशनल बजेट ऑफिस ही संसदेची पक्षनिरपेक्ष संस्था विधेयकांच्या परिणामांचे अंदाज बांधते. तिचे अहवाल दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वापरतात, म्हणून ते वाचण्याची रीत माहीत असणे फार उपयोगाचे ठरते. संस्थेचा आकडा नेहमी "कायदा आहे तसाच राहिला असता तर" या स्थितीशी ताडलेला असतो, आजच्या स्थितीशी नव्हे. २०१७ मध्ये ओबामाकेअर मोडीत काढण्यासाठी रिपब्लिकनांनी आणलेले विधेयक प्रतिनिधीगृहात ४ मे रोजी २१७ विरुद्ध २१३ मतांनी संमत झाले. त्याबाबतचा अंदाज असा होता की २०२६ पर्यंत विमा नसलेल्यांची संख्या सुमारे २ कोटी ३० लाखांनी अधिक असेल. विरोधकांनी याचे "२ कोटी ३० लाख लोकांचा विमा हिरावला जाणार" असे भाषांतर केले. प्रत्यक्षात पहिल्या वर्षाच्या वाढीचा मोठा भाग विमा न घेतल्याबद्दलचा दंड रद्द झाल्यावर स्वतःहून विमा सोडणाऱ्यांचा होता, तर नंतरची वाढ मुख्यतः मेडिकेडमधील कपात आणि घटलेली अनुदाने यांच्यामुळे होती. नको असलेला विमा सोडणारा तरुण आणि मेडिकेड गमावणारी गरीब आई एकाच बेरजेत येतात; त्यांना वेगळे करणे हे वाचकाचे काम आहे. हा प्रयत्न शेवटी सिनेटमध्ये २८ जुलै २०१७ रोजी ४९ विरुद्ध ५१ मतांनी फसला आणि जॉन मॅक्केन, सुझन कॉलिन्स व लिसा मर्काउस्की या तीन रिपब्लिकनांची मते निर्णायक ठरली.

संस्थेचे अंदाज चुकतातही. विमा न घेणाऱ्यावरचा दंड २०१९ पासून शून्य झाल्यावर २०२७ पर्यंत १ कोटी ३० लाख लोक अधिक विनाविमा राहतील असे तिने २०१७ मध्ये म्हटले होते. पुढे तिने स्वतःच सक्तीच्या परिणामाचा अंदाज बराच खाली आणला. अंदाज फसला म्हणून संस्था पक्षपाती ठरत नाही आणि संस्था निःपक्ष आहे म्हणून अंदाज बरोबर ठरत नाही.

आता दोन्ही वाद जिथे एकत्र येतात ते ठिकाण पाहावे. जानेवारी २०११ मध्ये प्रतिनिधीगृहाने कायदा रद्द करण्याचे जे विधेयक संमत केले, त्याच्या नावातच "नोकऱ्या मारणारा" हे विशेषण होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये बजेट ऑफिसने सांगितले की या कायद्यामुळे २०१७ पर्यंत लोक करतील त्या कामात सुमारे २० लाख पूर्णवेळ कामगारांइतकी घट होईल. दुसऱ्याच दिवशी "२० लाख नोकऱ्या जाणार" असे मथळे झळकले. अहवालात मात्र असे लिहिले होते की ही घट जवळजवळ पूर्णपणे लोक स्वतःहून कमी काम करतील म्हणून होईल. केवळ विम्यासाठी नोकरीला चिकटून राहिलेला साठीचा माणूस ती सोडू शकेल, हा त्याचा एक अर्थ. उत्पन्न वाढले की अनुदान घटते, म्हणून जादा तास काम करण्यात राम उरत नाही, हा दुसरा अर्थ, आणि कायद्याच्या टीकाकारांचा हा आक्षेप वजनदार आहे. मूळ अहवालातली दोन पाने वाचली असती तर दोन्ही बाजूंना याहून चांगला वाद घालता आला असता.

उलट बाजूची चूकही तितकीच सोपी आहे. ऑक्टोबर २०१० पासून फेब्रुवारी २०२० पर्यंत अमेरिकेत रोजगार सलग वाढत गेला, म्हणून कायदा नोकऱ्यांना पोषक ठरला असे काही समर्थक म्हणत. ही कावळा बसायला आणि फांदी मोडायला अशी गत आहे. एवढ्या पुराव्यावरून फार तर इतकेच म्हणता येते की भाकीत केलेला सर्वनाश झाला नाही. त्याचप्रमाणे आरोग्यखर्चाच्या वाढीचा वेग मंदावला याचे श्रेय कायद्याला देताना, तो वेग मंदीच्या काळात, म्हणजे कायदा येण्यापूर्वीच, मंदावू लागला होता हे विसरू नये.

कायद्याचा परिणाम कसा ओळखावा

आधी आणि नंतर अशी तुलना अपुरी असते, कारण मधल्या काळात इतर बरेच काही बदलते. राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणानुसार विमा नसलेल्यांचे प्रमाण २०१० मध्ये १६ टक्के होते आणि २०१६ मध्ये ९ टक्के झाले. यातला काही वाटा मंदी ओसरून नोकऱ्या परत आल्याचा असू शकतो. तो वेगळा काढण्यासाठी एक सोय सर्वोच्च न्यायालयाने नकळत करून दिली. जून २०१२ च्या निकालात न्यायालयाने विम्याची सक्ती ५ विरुद्ध ४ मतांनी वैध ठरवली, पण कायद्यातला मेडिकेडचा विस्तार, म्हणजे आणखी गरिबांना त्यात सामावून घेणे, राज्यांच्या मर्जीवर सोडला. केंटकीने विस्तार केला आणि शेजारच्या टेनेसीने केला नाही. देशाची अर्थव्यवस्था दोघांसाठी एकच होती. विस्तार करणाऱ्या राज्यांत गरीब प्रौढांमधील विनाविमा लोकांचे प्रमाण स्पष्टपणे अधिक घसरले, म्हणून तेवढी घसरण कायद्याच्या खात्यावर टाकता येते. अशी जोडी मिळाली की तिला सर्वाधिक वजन द्यावे. (आकडे ताडताना सर्वेक्षण एकच ठेवावे. जनगणना विभागाचे आकडे वेगळ्या पद्धतीने काढलेले असतात, आणि एकाचे २०१० व दुसऱ्याचे २०१६ जोडून हवा तो आलेख काढता येतो.)

विमा मिळाल्याने प्रकृती सुधारते का, हा पुढचा प्रश्न आहे. ऑरेगॉन राज्याने २००८ मध्ये मेडिकेडच्या मर्यादित जागा सोडत काढून भरल्या, त्यामुळे संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. सुमारे दोन वर्षांनंतर विमा मिळालेल्यांमध्ये नैराश्य कमी आढळले आणि दवाखान्याच्या खर्चाने कंबरडे मोडण्याचे प्रसंग जवळजवळ संपले; रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि रक्तातील साखर यांत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकेल असा फरक दिसला नाही. डावीकडच्यांनी पहिला निष्कर्ष उचलला, उजवीकडच्यांनी दुसरा. एखादा अभ्यास कोणी पुढे केला की त्याच अभ्यासातला त्याला न आवडणारा निष्कर्ष कोणता, हे विचारावे. उत्तर न आल्यास त्याने तो वाचलेला नाही असे समजण्यास हरकत नाही.

श्रेयाचा हिशेब

आर्थिक वाढीच्या दाव्यात पहिली युक्ती आरंभरेषेची असते. मंदी डिसेंबर २००७ मध्ये सुरू झाली आणि जून २००९ मध्ये संपली. बेरोजगारी ऑक्टोबर २००९ मध्ये १० टक्क्यांवर पोहोचली आणि जानेवारी २०१७ मध्ये ४.७ टक्के होती. ओबामांचा हिशेब जानेवारी २००९ पासून मांडला तर वारशाने आलेली पडझड त्यांच्या खाती पडते, तळापासून मांडला तर उसळी भव्य दिसते. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत फेब्रुवारी २०२० पर्यंत बेरोजगारी ३.५ टक्क्यांवर आली, हे खरेच. पण महिन्यागणिक आलेख काढला तर जानेवारी २०१७ मध्ये त्या रेषेला कुठेही कोपरा दिसत नाही. बायडन यांनी सांगितलेल्या विक्रमी रोजगारवाढीतही टाळेबंदीत गेलेल्या नोकऱ्या परत येण्याचा मोठा वाटा होता. आरंभबिंदू दोन वर्षे मागे-पुढे सरकवून पाहावा. दावा तरीही टिकला तरच तो गांभीर्याने घ्यावा.

दुसरी अडचण आकड्याच्या स्वरूपाची आहे. अमेरिकेत तिमाही वाढ आधीच्या तिमाहीशी ताडतात आणि तोच वेग वर्षभर टिकला तर किती, अशा वार्षिक दराने जाहीर करतात. भारतातील गतवर्षीच्या त्याच तिमाहीशी केलेल्या तुलनेची सवय असलेल्या वाचकाला त्यामुळे चकवा बसतो. जुलै २०१८ मध्ये ४.१ टक्के हा दर जाहीर झाला तेव्हा ट्रम्प यांनी तो ऐतिहासिक ठरवला. २०१४ मध्ये त्याहून वेगवान तिमाही होऊन गेल्या होत्या, आणि पुढच्या वर्षीच्या सुधारणेत हा आकडाही ३.५ वर आला. पहिल्या अंदाजावर कोणाचीही पाठ थोपटू नये.

तिसरा प्रश्न म्हणजे राष्ट्राध्यक्षाच्या हाती नेमके काय असते. बँका वाचवण्याचा ७०० अब्ज डॉलरचा कार्यक्रम ऑक्टोबर २००८ मध्ये जॉर्ज बुश यांच्या काळात आला आणि मोटार कंपन्यांना पहिली मदतही त्यांनीच दिली. व्याजदर फेडरल रिझर्व्ह ही मध्यवर्ती बँक ठरवते आणि तिने तो डिसेंबर २००८ पासून सात वर्षे शून्याच्या आसपास ठेवला. खर्च आणि कर संसदेच्या हाती असतात. प्रिन्स्टनचे ॲलन ब्लाइंडर आणि मार्क वॉटसन यांनी ट्रुमन यांच्यापासूनचा काळ तपासून दाखवले की डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षांच्या काळात वाढ सरासरी सुमारे १.८ टक्के बिंदूंनी अधिक होती. परंतु हा फरक सरकारी धोरणांपेक्षा तेलाच्या किमतींचे धक्के, उत्पादकता आणि जागतिक परिस्थिती यांच्याशी अधिक जोडलेला आढळला. म्हणून श्रेय द्यायचेच असेल तर ते माणसाऐवजी एखाद्या विशिष्ट कृतीला द्यावे: २००९ चे आर्थिक उत्तेजन, किंवा कंपन्यांवरील कर ३५ वरून २१ टक्क्यांवर आणणारा डिसेंबर २०१७ चा कायदा. कृती ठरली की तिची तारीख आणि तिचा मार्ग तपासता येतो.

ही सगळी पद्धत २०२५ च्या वादावर लावून पाहावी. २०२१ मध्ये वाढवलेली विमा अनुदाने २०२२ च्या कायद्याने २०२५ अखेरपर्यंत लांबवली होती आणि ती पुढेही चालू ठेवावीत या मागणीवरून १ ऑक्टोबर २०२५ पासून सरकारचे कामकाज ४३ दिवस ठप्प झाले. "रिपब्लिकनांनी हप्ते दुप्पट केले" असे एक बाजू म्हणाली आणि "डेमोक्रॅटांनीच ठरवलेली मुदत संपली" असे दुसरी. दुप्पट होणारा आकडा अनुदान वजा जाता भरावा लागणाऱ्या रकमेचा होता, मूळ हप्त्याचा नव्हे. मुदतीची तारीख डेमोक्रॅटांच्या मतांनी संमत झालेल्या कायद्यात होती, आणि मुदतवाढ अडली तेव्हा दोन्ही सभागृहांत बहुमत रिपब्लिकनांचे होते. ही वाक्ये कागदावर एकाखाली एक लिहावीत आणि समोरच्याला यातले कोणते अमान्य आहे ते विचारावे. सगळी मान्य असल्यास उरलेला मतभेद इतरांच्या विम्यासाठी करदात्याने किती भार उचलावा याविषयीचा असतो, आणि त्यासाठी आकडे बाजूला ठेवून बोलणे सुरू करता येते.