परदेशात राहून पुण्यातून मूल दत्तक घेताना

"तुम्ही आधी पुण्यात या, बाळ बघू, कागदपत्रांचं नंतर पाहू," असं घरची मंडळी म्हणतात. प्रत्यक्षात क्रम उलटा आहे. ससून रुग्णालयाच्या आवारातलं श्रीवत्स असो की दुसरी कोणती मान्यताप्राप्त संस्था, तिथे जाऊन मूल पसंत करता येत नाही. नोंदणी 'कारा' या केंद्रीय यंत्रणेच्या पोर्टलवरच होते, आणि तुमच्या वतीने ती करते तुम्ही राहता त्या देशातली मान्यताप्राप्त दत्तक संस्था किंवा तिथलं सरकारी प्राधिकरण. दोन्ही नसतील तर भारतीय दूतावास.

म्हणून पहिला प्रश्न मुलाला तुम्ही राहता त्या देशाचा व्हिसा मिळण्याचा. अमेरिकेत हेग कराराखालचा (देशादेशांमधल्या दत्तकाचा आंतरराष्ट्रीय करार) आय-८००ए हा दत्तकपूर्व अर्ज भरायला पती-पत्नींपैकी किमान एक जण अमेरिकन नागरिक लागतो. दोघंही एच-वन-बी किंवा ग्रीन कार्डवर असाल तर हा रस्ता बंद आहे. तिथल्या इमिग्रेशन वकिलाला हे पहिल्याच आठवड्यात विचारा. मुलाचा फोटो हातात आल्यावर हे कळणं फार जिवाला लागतं.

पात्रता थोडक्यात: लग्नाला 2 वर्षं झालेली हवीत. 2 वर्षांपर्यंतच्या बाळासाठी दोघांच्या वयांची बेरीज 85 च्या आत हवी, एकट्या पालकाचं वय 40 च्या आत. एकट्या पुरुषाला मुलगी दत्तक घेता येत नाही.

नात्यातलं मूल घेणार असाल तर जपून. कायद्याने नातलग म्हणजे मुलाचे काका, आत्या, मामा, मावशी आणि आजी-आजोबा. भावाचं मूल चालतं, चुलत भावाचं चालत नाही. गुरुजींकडून दत्तकविधान करून नोंदणीकृत दत्तकपत्र केलं, तरी काराचं ना-हरकत पत्र नसेल तर मुलाचा परदेशप्रवास अडतो.

होम स्टडीचा, म्हणजे तुमच्या घराच्या आणि कुटुंबाच्या पाहणीचा, अहवाल 3 वर्षं चालतो. जुना आजार, आधीचा घटस्फोट, गर्भपाताचं दुःख, सगळं खरं सांगा. आजार क्वचितच आड येतो, लपवलेला आजार मात्र येतो. मध्येच नोकरी किंवा शहर बदललं, किंवा दिवस राहिले, तर लगेच कळवा.

मुलाची माहिती आली की राखून ठेवायला 96 तास मिळतात, आणि राखल्यापासून 30 दिवसांत स्वीकृतीची सही करायची असते. हे दिवस वैद्यकीय अहवाल वाचायला वापरा. एका दिवसाच्या वजनावरून काही ठरवू नका. वजन आणि डोक्याचा घेर यांच्या महिन्या-महिन्याच्या नोंदी मागवा. जन्मतः 1.8 किलोचं बाळ दर महिन्याला सावकाश पण सतत वाढत असेल तर ते चांगलं लक्षण. डोक्याचा घेर अडकून राहिला असेल तर बालरोगतज्ज्ञांना दाखवाच.

पुढे काराचं ना-हरकत पत्र, मग जिल्हाधिकाऱ्यांचा दत्तक आदेश. 1 सप्टेंबर 2022 पासून हा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यानंतर हेग कराराचं प्रमाणपत्र, जन्मदाखला, पासपोर्ट. इथे सगळ्यात जास्त घोळ मधल्या नावाचा होतो. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये येतं, तिकडच्या अर्जात ते गळतं, आणि आदेश एक नि पासपोर्ट दुसरंच सांगतो. मुलाचं पूर्ण नाव स्पेलिंगसकट एका कागदावर लिहा आणि सगळीकडे तेच द्या.

भारतातल्या संस्थेचं ठरलेलं शुल्क 5,000 डॉलर. तिकडच्या संस्थेचा खर्च वेगळा. पावतीशिवाय कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

बाळ घ्यायला येताना पुण्यात निदान दोन आठवडे राहा. संस्थेतल्या मावशींना विचारा: खिमट किती पातळ, झोपवताना पाठीवर थोपटतात की मांडीवर डोलवतात, कोणत्या शब्दाने हाक मारतात. त्याची नेहमीची दुपटी मागून घ्या आणि विमानात बसेपर्यंत धुऊ नका. सगळं अनोळखी झालेलं असतं तेव्हा तो एक वास ओळखीचा असतो.

घरी गेल्यावर 2 वर्षं पाठपुरावा: पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी अहवाल जातो. मुलाच्या अहवालाची प्रत, संस्थेतले फोटो आणि मावशींनी सांगितलेलं सगळं तारखेसह एका फाइलीत ठेवा. अठरा वर्षांनंतर मुलाला आपली मुळं शोधण्यासाठी स्वतः अर्ज करता येतो, तेव्हा ही फाइल त्याच्या हाती द्या.