बाळंतीण घरी आल्यावर: बीपी कसा मोजायचा आणि तो आकडा दवाखान्यात ऐकायला कसा लावायचा

बाळ सुखरूप झालं की धोका टळला असं सगळेच धरून चालतात. अमेरिकेत तसं होत नाही. तिथे गरोदरपणाशी निगडित मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त मृत्यू प्रसूतीनंतरच्या आठवड्यापासून वर्षभरात, म्हणजे बाई घरी आल्यावर होतात. यात कृष्णवर्णीय बायका कितीतरी पुढे आहेत. सीडीसी या अमेरिकी सरकारच्या आरोग्यसंस्थेच्या २०२३ च्या आकड्यांनुसार एक लाख जिवंत जन्मांमागे गोऱ्या मातांचे मृत्यू १४.५, तर कृष्णवर्णीय मातांचे ५०.३. शिकलेल्या बाईचाही धोका टळत नाही. डॉ. शॅलन अर्व्हिंग सीडीसीतच साथरोगतज्ज्ञ होत्या. २०१७ च्या जानेवारीत, बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी, वाढलेल्या रक्तदाबाच्या गुंतागुंतीतून त्या गेल्या. त्याआधी त्या तक्रारी घेऊन पुन्हापुन्हा डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या.

याचं उत्तर कातडीच्या रंगात किंवा जनुकांत शोधण्यात अर्थ नाही. बाई सांगते आणि समोरचा ऐकत नाही, हे मोठं दुखणं आहे. म्हणून घरचं बीपी मशीन हवं. ‘बरं वाटत नाही’ हे उडवून लावता येतं. तारीख-वेळेसह लिहिलेला १६४/११२ उडवून लावणं अवघड जातं.

मशीन आणि पट्टा

दंडावर बांधायचं स्वयंचलित मशीन घ्या. मनगटाचं नको, हात जरा वर-खाली झाला तरी आकडा हलतो. मशीन विकत घेण्यापेक्षा पट्टा निवडण्यात जास्त चुका होतात. मशीनबरोबर बहुधा मध्यम पट्टा येतो आणि तोच सगळ्यांना बांधला जातो. शिंप्याची टेप घ्या, खांद्याचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्ये दंडाचा घेर मोजा. २७ ते ३४ सेंटिमीटर असेल तर मध्यम, ३५ ते ४४ असेल तर मोठा, त्यापुढे त्याहून मोठा. पट्टा तोकडा पडला की बीपी खोटा वाढतो. बाल्टिमोरमधल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मोठा पट्टा लागणाऱ्यांना मध्यम बांधला तेव्हा वरचा आकडा सुमारे ५ ने चढला, आणि सर्वांत मोठा लागणाऱ्यांचा जवळपास २० ने. उलट, पट्टा फार मोठा असेल तर आकडा कमी दिसतो, आणि बाळंतिणीच्या बाबतीत ही चूक जास्त महाग पडते.

घरी जाण्याआधी हे मशीन वॉर्डात न्या आणि नर्सच्या मोजणीशी ताडून घ्या. प्रीएक्लॅम्प्सियात (गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर बीपी धोकादायक वाढण्याचा आजार) काही स्वयंचलित यंत्रं खरा दाब कमी दाखवतात. फरक मोठा असेल तर मशीन बदला. विकत घेण्याआधी विमा कंपनीला विचारा; काही मेडिकेड योजना (अमेरिकेतला कमी उत्पन्नवाल्यांसाठीचा सरकारी आरोग्यविमा) डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मशीन देतात.

कधी आणि कसा

प्रसूतीनंतर बीपी सर्वांत जास्त चढतो तो तिसऱ्या ते सहाव्या दिवसादरम्यान. गरोदरपणात अंगात साठलेलं पाणी तेव्हा परत रक्तात उतरत असतं. नेमकं याच दिवसांत बाई घरी असते आणि पुढची भेट कित्येकदा सहा आठवड्यांनंतरची दिलेली असते. गरोदरपणात बीपी वाढला होता तर ही भेट मान्य करू नका. अशा बाईचा बीपी ७ ते १० दिवसांत, आणि फार वाढला होता तर ७२ तासांत तपासावा, अशी अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेचीच शिफारस आहे. गरोदरपणभर बीपी नॉर्मल होता म्हणून निर्धास्त राहू नका. प्रीएक्लॅम्प्सिया पहिल्यांदा बाळंतपणानंतरही उद्भवतो.

पहिले दहा दिवस सकाळ-संध्याकाळ मोजा, पुढे सहा आठवड्यांपर्यंत डॉक्टर सांगतील तसा. मोजण्याची रीत अटलांटात आणि अमरावतीत एकच. अर्धा तास आधी कॉफी नको, लघवीला जाऊन या. पाठ टेकवून खुर्चीत बसा, पाय जमिनीला टेकलेले, एकावर एक नकोत. पाच मिनिटं नुसतं बसा. बाळ मांडीवर नको, पाजताना तर मोजूच नका. बाही वर गुंडाळून घट्ट फास होत असेल तर हात बाहेर काढा. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खळीच्या दोन बोटं वर. हात टेबलावर किंवा उशीवर, छातीच्या उंचीला. हात खाली लोंबत ठेवला किंवा बोलत राहिलं तर वरचा आकडा चढतो. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजा आणि दोन्ही आकडे लिहा, ‘बरा’ तेवढा निवडून नव्हे. शेजारी वेळ, घेतलेली गोळी आणि डोकेदुखीसारखं काही असेल तर ते. मशीनच्या पडद्याचा फोटो काढून ठेवला तर उत्तम. त्यावर वेळही येते.

आकडा काय सांगतो

१४०/९० किंवा जास्त आला आणि त्रास काहीच नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. दोन्हीपैकी एक आकडा जरी ओलांडला तरी तो वाढलेलाच धरायचा. १६०/११० किंवा जास्त आला तर पंधरा मिनिटांत परत मोजा. तेवढाच राहिला तर थेट आपत्कालीन विभागात, स्वतः गाडी न चालवता, नाहीतर ९११ (अमेरिकेतला आपत्कालीन नंबर). त्रास असेल तर पंधरा मिनिटं थांबूही नका: टायलेनॉलने (म्हणजे पॅरासिटामॉलने) न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे ठिपके किंवा अंधुक दिसणं, उजव्या बरगडीखाली दुखणं, धाप, चेहरा-हात एकाएकी सुजणं. फीट आली किंवा श्वास घेता येईना तर आकडा बघत बसू नका, ९११ लावा.

दवाखान्यात काय बोलायचं

आपत्कालीन विभागातल्या कर्मचाऱ्याला समोरची बाई बाळंतीण आहे हे दिसत नाही. बाळ घरी असतं, पोट ओसरलेलं असतं, आणि डोकेदुखीचा रुग्ण म्हणून तिला रांगेत बसवलं जातं. म्हणून पहिलं वाक्य तेच हवं: ‘मी नऊ दिवसांपूर्वी बाळंत झाले. बीपी १६४ वर ११२ आहे. डोकं दुखतंय, टायलेनॉलने थांबलं नाही. पोस्टपार्टम प्रीएक्लॅम्प्सिया आहे का बघा.’ एवढा चढलेला दाब पक्का ठरल्यापासून अर्धा ते एक तासाच्या आत औषध सुरू व्हायला हवं. ‘चिंता आहे’, ‘झोप झालेली नाही’ असं उत्तर आलं तर विचारा: हे आणखी कशामुळे असू शकतं, आणि ते नाही हे कशावरून ठरवलं? तपासणी नाकारली तर ‘मी मागितली होती, तुम्ही नाही म्हणालात, हे माझ्या फाइलमध्ये लिहा’ एवढंच शांतपणे सांगा. पुष्कळदा इथेच तपासणीचा कागद निघतो. तरीही हललं नाही तर त्या पाळीच्या प्रमुख नर्सला आणि ड्यूटीवरच्या प्रसूतितज्ज्ञाला बोलवायला सांगा.

बरोबर कुणीतरी हवंच: नवरा, आई, बहीण, दूला (बाळंतपणात सोबत करणारी मदतनीस). वही त्या व्यक्तीच्या हातात द्या; ग्लानीत असलेल्या बाईला वाद घालायला लावू नये. २०१७ मध्ये टेनिसपटू सेरेना विल्यम्सने सिझेरियननंतर दुसऱ्याच दिवशी धाप लागल्यावर सीटी स्कॅन आणि रक्त पातळ करणारं औषध हवं असं स्वतः सांगितलं. वेदनाशामकांमुळे ती गोंधळली आहे असं नर्सला वाटलं. आधी पायांची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. मग सीटी केला, तेव्हा फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. तिची ही गत, तर बाकीच्यांचं काय होत असेल!

गडद त्वचेवर काय बघायचं

पुस्तकांतली ‘लाली’, ‘फिकटपणा’, ‘निळसरपणा’ ही वर्णनं बहुतेक गोऱ्या कातडीवरची असतात. रक्त कमी झालंय का हे खालच्या पापणीच्या आतून, हिरड्यांवर आणि जिभेवर बघा. ऑक्सिजन कमी पडला की ओठ-हिरड्या निळ्यापेक्षा राखाडी दिसतात. सिझेरियनच्या टाक्यांत किंवा स्तनात संसर्ग झाला तर लाली शोधू नका. हाताच्या पालथ्या बाजूने गरमपणा बघा, कडकपणा चाचपा, भोवतालापेक्षा जांभळट किंवा जास्त काळा पट्टा दिसतो का बघा. पोटरीत गुठळीचा संशय असेल तर दोन्ही पोटऱ्या एकाच उंचीवर टेपने मोजा. ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर लगेच दाखवा. फरक नाही म्हणजे गुठळी नाही, असं मात्र नव्हे.

ऑक्सिमीटरवर अर्धाच भरवसा ठेवा. मिशिगनमधल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं, की यंत्र ९२ ते ९६ टक्के दाखवत असताना धमनीतल्या रक्तात ऑक्सिजन ८८ च्याही खाली असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत शंभरात जवळपास १२ होतं, गोऱ्यांत सुमारे ४. सावळ्या माणसांच्या आपल्या देशात पुष्कळ डॉक्टरांच्या खिशात हे यंत्र असतं, तेव्हा हे इथेही लक्षात असू द्यावं. धाप लागत असेल आणि यंत्र ९४ म्हणत असेल तर धापेवर विश्वास ठेवा, आणि धमनीतल्या रक्ताची तपासणी मागा.

गोळ्या आणि पुढे

लॅबेटॅलॉल आणि निफेडिपीन या बीपीसाठी नेहमी दिल्या जाणाऱ्या गोळ्या अंगावर पाजताना चालतात. दुधाच्या भीतीने त्या परस्पर बंद करू नका. दोन दिवस आकडा चांगला आला म्हणूनही नको, तो बहुधा गोळीमुळेच चांगला असतो. मेडिकेड पूर्वी प्रसूतीनंतर ६० दिवसांनी संपायचं. २०२२ पासून बहुतेक राज्यांनी ते वर्षभर केलं आहे, तेव्हा आपल्या राज्यात काय आहे ते बघून पुढच्या भेटी त्या मुदतीत बसवा. ज्या बाईला एकदा प्रीएक्लॅम्प्सिया झाला तिने वर्षातून एकदा बीपी आणि साखर तपासावी, कारण तिच्या हृदयविकाराचा धोका पुढे साधारण दुप्पट राहतो. पुढच्या खेपेला पहिल्याच भेटीत ही वही डॉक्टरांसमोर ठेवा आणि ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिनबद्दल विचारा. ती बाराव्या आठवड्यानंतर, शक्यतो सोळाव्याच्या आत सुरू करतात.