टाचेला लागणारी पिशवी : सोलापुरात सायकलवाल्यांसाठी वस्तू घडवताना

माझी पहिली पिशवी एका नर्सताईंनी आठ दिवस वापरली आणि नवव्या दिवशी परत आणून दिली. शिवण उसवली नव्हती, बकल तुटलं नव्हतं, एप्रिलच्या उन्हात रंगही विटला नव्हता. जुळे सोलापुरातून त्या रोज सायकलने ड्यूटीवर जातात. म्हणाल्या, "पिशवी मजबूत आहे गं, पण वॉर्डात नेली की जो तो विचारतो, हे सायकलचं काय घेऊन आलात? शेवटी मी ती खाली कॅरिअरलाच ठेवायला लागले आणि डबा हातात धरून जिना चढायला लागले."

या कामातली सगळ्यात मोठी गोष्ट मला त्या दिवशी कळली. रोज सायकल चालवणारा माणूस दिवसातला तासभर सायकलवर असतो, बाकीचा सगळा वेळ खाली उतरलेला असतो. त्याच्यासाठी केलेली वस्तू त्या बाकीच्या वेळात अंगावर, हातात, खुर्चीच्या पाठीला शोभली पाहिजे. आपल्याकडे सायकलवर येणाऱ्याला 'गाडी घ्यायची ऐपत नसेल' असं मनात म्हणणारे अजून पुष्कळ आहेत. त्या नजरेपुढे माणूस जी वस्तू ताठ मानेने नेऊ शकतो, तीच रोज वापरतो. म्हणून देखणेपणा ही मी शेवटी बघायची बाब मानत नाही, कागदावर पहिली रेघ मारतानाच तो डोक्यात असावा लागतो.

हे काम शिकू बघणाऱ्या मुलामुलींचे प्रश्न मला सारखे येतात, म्हणून जे हाताखालून गेलं ते सविस्तर लिहिते.

मी युनिफॉर्मच्या कारखान्यात सॅम्पलिंगला, म्हणजे नमुने शिवायच्या विभागात होते. सोलापुरात शाळांचे, कंपन्यांचे गणवेश किती मोठ्या प्रमाणावर शिवले जातात हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. चादर आणि टॉवेल सगळ्यांना माहीत. पण याच शहरात तुम्हाला जाड कापड कापणारे कटिंग मास्तर, काज-बटण करणारे, पट्ट्यांना बारटॅक (ताण येतो तिथला दाट पक्का टाका) मारणारे, जॅकार्डवर (नक्षी विणणाऱ्या मागावर) नक्षी चढवणारे असे सगळे कारागीर सायकलच्या टप्प्यात मिळतात. १८७७ साली इथे पहिली कापड गिरणी निघाली तेव्हापासून या शहराचा हात कापडावर बसलेला आहे. मोठ्या गिरण्या बंद पडल्या, पण पूर्व भागात पॉवरलूमचा खडखडाट आजही ऐकू येतो. नमुना बनवणाऱ्याला यापेक्षा चांगली जागा नाही. पुण्या-मुंबईत एका नमुन्याचं कापड मिळवायला दिवस जातो. इथे चूक सकाळी कळली तर संध्याकाळपर्यंत दुरुस्त नमुना हातात असतो.

सुरुवात शिवणयंत्रापासून करू नका. मी केली, आणि चार महिने फुकट गेले. आधी आठवडाभर रस्त्यावर उभे राहा. अशोक चौकात कारखान्यांची पाळी सुटायच्या वेळी, शाळा-कॉलेजच्या फाटकाशी, भाजी मंडईच्या तोंडाशी. लोक काय नेतात आणि ते कशाने बांधतात हे वहीत उतरवा. मला दिसलं ते असं : जेवणाचा डबा हँडलला लोंबणाऱ्या पिशवीत, छत्री दांड्याला जुन्या ट्यूबच्या रबरी पट्टीने बांधलेली, फाइल कॅरिअरच्या स्प्रिंगखाली दुमडलेली, पँटचा उजवा पाय मोज्यात खोचलेला, ओढणी कमरेला गाठ मारून घट्ट केलेली. तुम्ही करू शकाल ती प्रत्येक वस्तू या जुगाडांत आधीच दडलेली असते. जिथे माणसाने स्वतः काहीतरी बांधलंय, खोचलंय, दुमडलंय, तिथे खरी गरज आहे.

मग मापं घ्या. इथे नवशिके हमखास फसतात, कारण इंटरनेटवरची मापं परदेशी सायकलींची असतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलीचं कॅरिअर, मुलींच्या शाळेच्या सायकलचं कॅरिअर आणि नव्या गिअरच्या सायकलचं, जर असलंच तर, कॅरिअर यांची रुंदी, नळीची जाडी, सीटपासूनचं अंतर, काहीच जुळत नाही. हँडलची नळी मुठीपाशी साधारण २२ मिमी असते, पण मधोमध जुन्या सायकलींना २५.४ आणि बऱ्याच नव्या सायकलींना ३१.८ मिमी. बकलची जागा कायमची शिवून टाकली तर पिशवी एकाच जातीच्या सायकलला बसते. पट्टा सरकता ठेवा.

आता टाचेची गोष्ट, कारण तिने मला सगळ्यात जास्त शिकवलं.

कॅरिअरच्या बाजूला लटकणारी पिशवी टेबलावर फार सुंदर दिसते. माझी दिसत होती. सायकलला लावली, स्टँडवर उभी करून फोटो काढले, मैत्रिणींना पाठवले. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याकडे निघाले तर प्रत्येक फेरीला टाच पिशवीच्या पुढच्या कोपऱ्यावर आपटत होती. टप, टप, टप. पेडलचा दांडा साधारण १७० मिमीचा असतो. पाय मागे येतो तेव्हा त्याच्याही मागे चपलेची टाच जाते. पिशवी तेवढी मागे सरकवावी तर वजन मागच्या चाकाच्या आसाच्याही मागे जातं आणि सायकल डुलते. घरी येऊन मी भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवलं, सायकल त्याला टेकवली, पेडल हाताने फिरवत टाचेच्या वाटेवर खडूने खुणा करत गेले. खुणा जोडल्यावर एक वक्र रेषा मिळाली. पिशवीचा पुढचा खालचा कोपरा मी त्या रेषेने कापला. चौकोनी पिशवी तिरकी झाली आणि आधीपेक्षा देखणी दिसायला लागली. लोक विचारतात हा आकार कुठून सुचला. टाचेने काढून दिला.

नमुन्याची उतरंड मी आता कधीच मोडत नाही. पहिला नमुना वर्तमानपत्राचा, चिकटपट्टीने जोडलेला. त्यावर आकार आणि टाच दोन्ही कळतात. दुसरा मांजरपाटाचा, हाताने धावदोरा घालून. त्यात खरा डबा, खरी पाण्याची बाटली, खरी छत्री घाला. तिसरा खऱ्या कापडाचा, पण अस्तर आणि किनारपट्टीशिवाय. चौथा पूर्ण. माया, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेलं कापड, १ सेंमीच्या खाली ठेवू नका, जाड कापडात दीड. आमचे कटिंग मास्तर म्हणायचे, "पोरी, मायेत कंजुषी केली की शिवण उलटून बोलते." खडबडीत रस्त्यावर भरलेली पिशवी दिवसभर हिसके खाते तेव्हा ते बोल ऐकू येतात.

प्रत्येक नमुन्यावर तारीख आणि काय चुकलं ते मार्करने आतल्या बाजूला लिहून ठेवा, आणि एकही फेकू नका.

सोलापुरी चादरीबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथला प्रत्येक नवीन डिझायनर आधी तिच्याकडेच वळतो. मीही वळले. भौगोलिक मानांकन मिळालेली, जॅकार्डची ठसठशीत नक्षी असलेली चादर हाताशी असताना साधा कॅनव्हास कोण घेईल? पण चादर अंगावर पांघरायला विणलेली असते. कापली की काठावरून सुतं निघतात, म्हणून तुकडा कापल्याबरोबर काठाला इंटरलॉकची शिवण मारा. कोपऱ्यावर घडी घातली तर चार पदर एकत्र येतात आणि १६ नंबरची सुई मोडते. १८ घ्या आणि टाका ३ ते ३.५ मिमीचा ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, ती पाणी पिते. जूनच्या पहिल्या सरीत माझी चादरीची पिशवी इतकी जड झाली की कॅरिअर एका बाजूला कललं. तेव्हापासून मी चादर फक्त झाकणाला वापरते, बाकी अंग जलरोधक कोटिंग असलेल्या कॅनव्हासचं. झाकण सुटं, बटणाचं. पावसाळ्यात घरी ठेवायचं, गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला जाताना लावायचं. नक्षी कुठे कापायची याला मी हल्ली अर्धा तास देते. फूल मधोमध आलं की पिशवी उशीसारखी दिसते. काठाची पट्टी तिरकी घेतली की तीच चादर कुणाला पटकन ओळखू येत नाही, आणि जवळून पाहिल्यावर सोलापूरकराचा चेहरा उजळतो.

टॉवेलचे कटपीसही असेच कामाचे. मे महिन्यात इथे पारा ४३-४४ अंशांवर जातो. पाठीवरच्या सॅकच्या मागच्या बाजूला टर्किशचं सुटं कापड लावलं तर घाम शोषला जातो आणि ते काढून धुता येतं.

रात्री दिसण्याच्या बाबतीत एक गैरसमज जवळजवळ प्रत्येकाचा असतो. भडक पोपटी किंवा केशरी फ्लुरोसंट कापड दिवसा उठून दिसतं, कारण ते उन्हातले अतिनील किरण शोषून दिसणाऱ्या प्रकाशात बदलतं. रात्री ऊन नाही, त्यामुळे ती जादूही नाही. रात्री लागते परावर्तक पट्टी, जी गाडीच्या दिव्याचा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवते. बारीक काचमण्यांची उघडी पट्टी ओली झाली की तिची चमक बरीच उतरते, म्हणून विकत घेण्याआधी बादलीत बुडवून टॉर्चने तपासा. टॉर्च डोळ्याजवळ धरायचा, नाहीतर काहीच कळणार नाही. चिकटवायची पट्टी आमच्या उन्हाळ्यात गोंद सोडते. शिवायचीच घ्या.

आणि पट्टी कुठे लावायची? पाठीपेक्षा घोट्यावर. पेडल मारताना घोटा वर-खाली होतो, आणि मागून येणाऱ्या ड्रायव्हरला ती हालचाल पाहून हा माणूस आहे हे लवकर उमगतं. स्थिर चमकणारी वस्तू मैलाचा दगडही असू शकते. यातून माझी पहिली खरोखर विकली गेलेली वस्तू निघाली : घोट्याची पट्टी. पँट किंवा सलवार साखळीत जाऊ देत नाही, रात्री चमकते, आणि वरून गणवेशाच्या कापडाच्या उरलेल्या राखाडी, निळ्या तुकड्यांची असल्याने ऑफिसात मनगटाला गुंडाळली तरी बरी दिसते. वेल्क्रोऐवजी मी टिचबटणं लावते. काळ्या मातीची धूळ आणि सुतं वेल्क्रोत अडकतात आणि दोन महिन्यांत तो धरेनासा होतो.

ओढणीच्या पकडीवर मी अजून काम करते आहे. ओढणी चाकात अडकून पडलेली मुलगी मी स्वतः उचलली आहे, म्हणून हे काम मला फार जवळचं आहे. अट एकच, झटका बसला तर पकड सुटली पाहिजे. घट्ट धरणारी पिन गळ्याला फास लावेल. त्यामुळे इथे मजबुती कमी करणं हेच कौशल्य. मी ओढणीच्या टोकाला पाण्याची बाटली बांधते आणि किती पाण्याला बटण सुटतं ते मोजते.

पैशाचं थोडक्यात सांगते. पहिल्या पूर्ण पिशवीला मला पाच तास लागले, आज तीच पावणेदोन तासांत होते, कारण तुकडे १४ वरून ९ वर आणले. किंमत ठरवताना तुमचा वेळ धरा, वाया गेलेले नमुने धरा, आणि बकल-चेनमध्ये पैसे वाचवू नका. एका दुकानदाराने माझे २० नग ठेवून घेतले, पैसे सहा महिने लटकवले आणि मधल्या काळात तसाच आकार दुसरीकडून शिवून घेतला. लेखी काहीच नव्हतं. नवा आकार असेल तर डिझाइन नोंदणीचा विचार करा. २०००च्या कायद्याखाली १० वर्षांचं संरक्षण मिळतं आणि पुढे ५ वर्षं वाढवता येतं. पण अर्ज आधी, फोटो नंतर. वस्तू जगाला दाखवून झाली की ती नवी राहत नाही.

शिक्षण कुठे घ्यावं? बारावीनंतर निफ्ट या फॅशनच्या संस्थेत ॲक्सेसरी डिझाइनचा ४ वर्षांचा बी.डेस. (डिझाइनची पदवी) आहे, अहमदाबादची एनआयडी ही डिझाइनची संस्था आहे, मुंबईच्या आयआयटीत आयडीसी हा डिझाइनचा विभाग आहे आणि तिथल्या बी.डेस.ला यूसीड परीक्षा लागते. तिघींची तयारी वेगळी. ऐपत आणि संधी असेल तर जरूर जा. नसेल तर आयटीआयचा शिवणकामाचा १ वर्षाचा कोर्स करून सॅम्पलिंग विभागात नोकरी धरा. मी दुसऱ्या वाटेने आले आणि मला तिचा अभिमान आहे. दोन्हीकडे मुलाखतीला जाताना सुबक चित्रांबरोबर फसलेले नमुनेही न्या. तो कापलेला कोपरा, ती पाणी प्यालेली चादर. हे पोर स्वतः रस्त्यावर उतरलं होतं हे समोरच्याला त्यातून दिसतं.

नर्सताईंना मी पाच महिन्यांनी दुसरी पिशवी दिली. गडद निळी, कॅरिअरचे हुक मागच्या झडपेआड लपणारे, खांद्याचा पट्टा सुटा, आत डब्यासाठी उभा कप्पा. परवा त्या दुकानाशी थांबल्या तेव्हा पिशवी खांद्यावरच होती. म्हणाल्या, "पट्टा दोन बोटं लांब हवा होता. आणि आमच्या वॉर्डातल्या दोघींना हवी आहे, पण त्यांच्या सायकलीला कॅरिअरच नाही." आता टेबलावर वर्तमानपत्र पसरलंय. हँडलला लागणारी, गुडघ्याला न लागणारी.