पब्लिक हेल्थमध्ये पीएचडी करताय? आधी वाडे मोजा

कोर्सवर्क, सिनॉप्सिस, एथिक्स कमिटी हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे असं धरते. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे किमान तीन वर्षं आणि कमाल सहा, हेही तुम्ही वाचलं असेल. तीन वर्षांत होईल असं घरी सांगून ठेवू नका. मी सांगितलं होतं, आणि पुढे प्रत्येक गणेश चवथीला आईच्या तोंडचा "झालं का?" हा प्रश्न मला फार लागायचा.

माझा विषय होता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या चाळिशीपुढच्या लोकांचा रक्तदाब. माणसं किती तपासायची? जवळपास प्रत्येक थिसिसमध्ये दिसतो तो आकडा, ३८४. आजाराचं प्रमाण ५० टक्के, उत्तरातली चूक ५ टक्के, खात्री ९५ टक्के धरली की हाच येतो. एका सीनियरच्या थिसिसमधून मी तो उचलला, थोडा वाढवून ४०० केला. वीस वाडे, म्हणजे गावातल्या वस्त्या, आणि प्रत्येक वाड्यावर वीस माणसं. एवढ्यावर मी निघाले.

काजूचे दिवस होते. दुपारी वाड्यावर चिटपाखरू नसायचं, म्हणून तिन्हीसांजेला जायचे. दारात पाऊल ठेवलं की "अगो बाय, आदीं च्या घे." माझ्याबरोबर घरची माणसंही चहा घ्यायची, आणि चहानंतर अर्धा तास तरी रक्तदाब मोजायचा नसतो. मग थांबायचं, पाच मिनिटं शांत बसवायचं, बाही वर करून पट्टा बांधायचा, दोनदा मोजायचं. एका संध्याकाळी चार-पाच माणसं झाली तर खूप. असे ४०० पूर्ण केले.

सहामाही बैठकीत स्टॅटिस्टिक्सच्या सरांनी एवढंच विचारलं, "डिझाइन इफेक्ट किती धरलास?" मी धरलाच नव्हता.

हे नीट समजून घ्या, कारण इथेच माझं जवळजवळ वर्ष गेलं. ३८४ हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा अख्ख्या तालुक्याच्या यादीतून चिठ्ठ्या काढल्यासारखी सुटी माणसं निवडता. आपण तसं करत नाही, आधी वाडा निवडतो. एका वाड्यावरची माणसं एकमेकांसारखी असतात. दुकान एक, खारं, म्हणजे सुकी मासळी, एकाच बाईकडून घेतलेली, आरोग्य केंद्र एक. पिसुर्ल्याच्या बाजूला २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा ट्रकच्या कर्जाचा घोर घरोघर सारखाच होता. अशा वाड्यावरचा विसावा माणूस तुम्हाला फारसं नवीन काही सांगत नाही.

हे सारखेपण मोजतात त्याला आयसीसी (इंट्राक्लास्टर कोरिलेशन कोइफिशंट) म्हणतात. समजा तो ०.०५ आहे. वाड्यावरच्या माणसांतून एक वजा करा, आयसीसीने गुणा, एक मिळवा: १९ गुणिले ०.०५ अधिक १, म्हणजे १.९५. हाच डिझाइन इफेक्ट. माझ्या ४०० माणसांना १.९५ ने भागलं की उरतात जेमतेम २०५. तेवढ्यावर निष्कर्ष काढणं म्हणजे लोकांची फसवणूक झाली असती.

दुसरी चूक होता होता टळली. त्याच वीस वाड्यांवर परत जाऊन आणखी वीस-वीस माणसं घेऊ, असं मी म्हणत होते. ओळख झालेली, रस्ता माहीत. पण मग वाड्यावर ४० माणसं होतात, डिझाइन इफेक्ट २.९५ वर जातो, आणि ८०० माणसांची किंमत २७१ भरते. तीच ८०० माणसं चाळीस वाड्यांत विभागली तर ४१०. म्हणून माणसं वाढवू नका, वाडे वाढवा. आणि बदललेला आराखडा एथिक्स कमिटीकडून मंजूर करून घेतल्याशिवाय एकाही दारात जाऊ नका. मागाहून मंजुरी मिळत नाही.

पैसे घेऊन ॲनालिसिस करून देणारे भेटतील. मी त्यांच्या विरोधात आहे. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, तुमच्या शेजारी ते बसणार नाहीत. गाईड निवडताना नावावर भाळू नका. ज्यांच्याकडे तुमचं प्रकरण वाचायला वेळ आहे, ते गाईड. माझ्या गाईडनी सिनॉप्सिस सही करण्यापुरता उघडला होता, हे मी अजून विसरलेले नाही.

घाबरू मात्र नका. ही चूक फार जणांची होते आणि ती दुरुस्त होते. पहिल्या वीस वाड्यांचं काम वाया गेलं नाही, एकही नोंद टाकून द्यावी लागली नाही.

संमतीपत्रांची मात्र दोन वेळा छपाई केली. सत्तरीत घरी कोंकणी बोलतात, पण वाचायची सवय मराठीची. कोंकणी कागदावर लोक अडखळत होते. दक्षिण गोव्यातल्या सासष्टीत काम करणार असाल तर रोमी, म्हणजे रोमन लिपीतल्या, कोंकणीचा कागद लागेल, तो आधीच करून ठेवा.

पुढच्या काजूला मी पुन्हा कदंबच्या बसने सत्तरीतल्या वाळपईला उतरले. पिशवीत तोच पट्टा होता आणि यादीत वीस नवे वाडे.